आंबेगावाच्या वर

आंबेगाव तालुक्यात आंबेगावाला जायचं तर एस.टी. नाही, होडी लागते. तालुक्याची कचेरी घोडेगावात, मोठा बाजार मंचरला, आणि ज्या गावाचं नाव तालुक्याने लावलं ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवायला आडवा झाला आणि त्याच ट्रकखाली गेला. तालुक्याने त्याचं नाव पाण्याला दिलं. पाण्याखालच्या गावांची नावं मात्र लोकांच्या तोंडीच राहिली आहेत.

उजाडायच्या आत आम्ही निघालो. होडीत तिघे: बाबा, त्यांचा नातू आणि मी. बाबांचं वय त्यांनाही नक्की सांगता येत नाही. पाणी चढलं तेव्हा थोरली लेक लग्नाची होती, एवढा हिशोब त्यांना पुरतो. आदल्या संध्याकाळी त्यांनी एक लांब दोरी पाण्यात सोडून ठेवली होती. तिला हात-दीड हातावर बारके दोर, प्रत्येकाच्या टोकाला गळ, गळाला गांडूळ नाहीतर कोंबडीचं आतडं. दोन्ही टोकांना दगड, आणि खूण म्हणून वर तरंगणारा थर्माकोलचा तुकडा. तो तुकडा अंधारात बाबांना कसा सापडला हे मला अजून कळलेलं नाही. समोरचा सुळका आणि डाव्या सोंडेवरचं झाड एका रेषेत आलं की थांबायचं, असं ते म्हणाले. मला तर सगळ्याच डोंगराची एक काळी भिंत दिसत होती.

"आता आपून बाजारपेठंत आलो," वल्हं थांबवून ते म्हणाले. खाली बघितलं तर पाणीच.

पहिला शिंगटा वर आला तो कुरकुरतच. हा मासा बोलतो. छातीच्या परांचे काटे खोबणीत घासले की करर-करर असा आवाज निघतो. अंगावर खवला नाही, कातडी ओल्या रबरासारखी, तोंडाभोवती लांब मिशा. त्या मिशांना चव कळते. तळाच्या गढूळ अंधारात डोळ्यांचा फार उपयोग नाही, म्हणून हा चाखत चाखत वाट काढतो आणि रात्रीच खायला निघतो. संध्याकाळी गळ टाकायचे ते त्यासाठी. पाठीवर एक आणि छातीशी दोन असे तीन काटे तो घाबरला की ताठ करतो. एकदा अडकवले की मेल्यावरही सहज मिटत नाहीत. मी हौसेने गळ काढायला गेलो आणि अंगठ्यात काटा घेऊन बसलो. नातू हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझा अंगठा दाबून रक्त काढलं आणि मासा मागून, काट्यांच्या बगलेत बोटं घालून कसा धरायचा ते दाखवलं.

या माशाचं मराठी नाव लॅटिनमध्ये जाऊन बसलं आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या नद्यांतले मासे टिपत हिंडला. १८३९ साली त्याने इथल्या एका मिशाळ माशाला शास्त्रीय नाव दिलं ते कोळ्यांच्या तोंडचंच: सींगटी. आज शास्त्रज्ञ त्याला मिस्टस सींगटी म्हणतात. घोगरा या दुसऱ्या माशाचंही तसंच, रिटा गोग्रा. बाबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग तेला काय म्हननार? शिंगटाच हाये तो."

बाबा महादेव कोळी. नावात कोळी आहे म्हणून शहरातला माणूस फसतो. ही डोंगरातली माणसं. खाचरात भात, वरकसावर नाचणी, रानातून हिरडा. मासा खायचा तो ओढ्यातला, पावसाळ्यात चढणीचा. जाळं हा यांचा धंदा नव्हता. मग खाचरंच पाण्यात गेली, आणि नावातल्या कोळ्याला खरोखरीच जाळं हातात घ्यावं लागलं. सुरुवातीला ट्रकच्या ट्यूबवर बसून, हातांनी पाणी मारत लोक मासे धरत. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांची 'शाश्वत' संस्था इथे राहून त्यांच्याबरोबर झगडली. आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली, होड्या आल्या, मत्स्यबीज सुटू लागलं. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. डिंभ्याचं पाणी मोठ्या जगात गेलं ते असं. एरवी ते कालव्याने जातं, शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याकडे. शेजारच्या माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगावचंही तेच. कुकडी प्रकल्पाच्या या पाच धरणांनी खाली ऊस आणला, आणि उसाने जुन्नरकरांच्या अंगणापर्यंत बिबट्या. इथल्या पाण्याने कोणाकोणाची घरं बदलली याची यादी लांबेल.

बीज सोडतात ते रोहू, कटल्याचं. शिंगट्याचं कोणी सोडत नाही. तो घोड नदीचा मूळचा रहिवासी. नदीचा डोह होता तेव्हा डोहात होता, धरण झालं तेव्हा त्याने फक्त घर मोठं केलं. बुडालेल्या गावात त्याचं पुनर्वसन सगळ्यात चांगलं झालं, असं माझ्या मनात आलं, पण होडीत ते बोलायची हिंमत झाली नाही. त्याला कपारी लागतात. गावात काय कमी कपारी? पडक्या जोत्यांचे दगड, बांध, पायऱ्या. बाबा गळ टाकतात ते या हिशोबाने. मुरमाड माळ होता तिथे दोरी सोडायची नाही. घरं होती तिथे सोडायची.

म्हणजे हे ज्ञान एका पिढीपुरतंच. नातू धरणानंतर जन्मला. त्याला पाण्याचा वरचा पत्ता ठाऊक, खालचा नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं उघडी पडतात, काठाच्या गाळात लोक पिकं घेतात, तेवढ्यापुरता तळ त्याला दिसतो. मग पाऊस.

परतताना शेवटची दोरी अडकली. नातवाने हिसडा दिला. बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली, होडी वळवून पलीकडच्या अंगाला घेतली आणि दोरी अलगद वर उचलली. सुटली.

"हितं इहीर हाये. कठडा उगवतीला पडलाय. वढायचं नाय, मावळतीकडनं काढायचं."

नातवाने मोबाइल काढून जागेची खूण केली. पडद्यावर सगळं निळं, मधे एक लाल टिपका.

"आज्या, नाव काय देऊ?"

"चुलत्याची इहीर, आसं लिही. नुसती इहीर नको. पल्याड आनखी दोन हायेत."