पालची पंगत

रावेर म्हटले की साऱ्या महाराष्ट्राला केळी आठवतात. पण मार्गशीर्षाची थंडी पडली की आम्हां रावेरकरांना आठवते ते भरीत! कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करावा, त्यात फिकट हिरवी, मोठाली वांगी भाजावी, साल काढून गर लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या अन् लसणाबरोबर कुटावा. वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. २०१६ साली जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. वांगे आमच्याच शेतातले ना!

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे मित्र एस.टी.ने पालला गेलो. खिरोदा मागे पडले की केळीच्या बागा संपतात आणि सातपुड्याचा साग सुरू होतो. सुकी नदीचे धरण पाहिले, रान तुडवले. दुपारी पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचे छप्पर दिसले. पाटी नाही, बाके नाहीत. शेणाने सारवलेली जमीन, तीन दगडांची चूल अन् एक म्हातारी तडवी बाई.

"आजी, जेवायला मिळेल का?"

"भरीत-भाकर हाये. बसा."

आम्ही पंगतीने बसलो. तिने भाकरी थापायला घेतली. थाळ्या एकाच चळतीतल्या, सारख्या. भरीत असे झणझणीत की डोळ्यांतून पाणी येत होते आणि हात थांबत नव्हता. तव्यावरची भाकरी फुगली की ती सरळ ज्याची थाळी रिकामी त्याच्या पुढ्यात टाकी.

"कोनाचा पोऱ्या रे तू?" तिने मला विचारले.

मी गावाचे आणि वडिलांचे नाव सांगितले. तिचा हात क्षणभर तव्यावरच थांबला.

"तुमच्याकडे आमचं मानूस तीन वर्स सालदार होतं. आखाजीले लागलं होतं. मी बी केळीच्या बागात खुरपाले येत होती. तू एवढासा होता."

मग तिने पाण्याचा लोटा उचलला, पण पुढे केला नाही. हळूच म्हणाली, "पानी चालीन ना भाऊ आमचं?"

भरीत तिच्या हातचे, भाकरी तिच्या हातची. आणि पाण्याचे ती विचारत होती! मित्र खाली मान घालून जेवू लागले. मी लोटा घेतला अन् घटाघट प्यालो. काही तरी बोलायला हवे होते. सुचले नाही.

कारण मला आमचा गोठा आठवला होता. गोठ्याच्या वळचणीला एक जर्मनची थाळी खोचलेली असते. ती सालदाराची. आजी ओट्यावरून तिच्यात भाकरी टाकते, वरून, हात न लागू देता. जेवून झाले की सालदार ती आपली आपण धुतो आणि पुन्हा वळचणीला खोचतो. लहानपणापासून हे रोज पाहिले. कधी खटकले नाही. आमचे पणजोबा १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला बैलगाडी जुंपून गेले होते, ही गोष्ट मात्र घरात दर दिवाळीला निघते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन! पणजोबांची टोपी आम्ही कपाटात जपून ठेवली आहे. आणि थाळी गोठ्यात.

निघताना मी जास्त पैसे पुढे केले. म्हातारीने हिशेबाचे तेवढे घेतले, उरलेले परत दिले. "जेवनाचे झाले तेवढेच," ती म्हणाली. मला त्या नोटांची फार लाज वाटली. आपण काय फेडायला निघालो होतो?

रात्री घरी आल्यावर मी ती थाळी वळचणीतून काढली, राखेने लख्ख घासली आणि स्वयंपाकघरात आमच्या ताटांच्या चळतीत ठेवली. आजीने पाहिले. काही बोलली नाही. सकाळी थाळी पुन्हा गोठ्यात!

मी पुन्हा आणली. ती पुन्हा गेली. शब्दावाचून आमचे हे भांडण चालू आहे. आजीवर माझा जीव आहे, आणि ऐंशी वर्षांची सवय एका थाळीने मोडत नाही, हेही मला कळते. पण परवा एक गोष्ट घडली. सालदार बाहेर बसला होता. मी माझे ताट उचलले आणि ओट्याखाली त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आजीने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. मग भाकरी घेऊन ती ओट्याच्या दोन पायऱ्या खाली उतरली.

अजून एक पायरी राहिली आहे.