राजपुरीच्या खाडीत कयाक : सामान, सोबत आणि चांदाची तारीख

रायगड जिल्ह्यात मुरुडच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरी आहे. धक्क्यावर उभे राहिले की समोर पाण्यात जंजिरा दिसतो. एकोणीस बुरुजांचा हा सिद्दींचा किल्ला. त्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत नजरेस पडत नाही. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत येथे सिद्दींचीच सत्ता होती. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आला आणि कोकणातला ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून. या किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांचे दर्याशी नाते असे जुने आहे.

पण आज आपल्यापैकी किती घरांतल्या मुलांना, विशेषतः मुलींना, समुद्र माहीत आहे? आपण किनाऱ्यावर जातो, उंटावर बसतो, भेळ खातो आणि परत येतो. त्यातच फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या कॉलेजच्या १४ मुला-मुलींचा बुडून मृत्यू झाला. ती बातमी आपल्या घराघरांत वाचली गेली, कितीतरी डोळे भरून आले. त्यानंतर अनेक आई-वडिलांनी सहलीच्या फॉर्मवर सही करणेच बंद केले. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. त्या आयांची भीती मी समोर बसून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. पण पाण्यापासून लांब ठेवलेले मूल सुरक्षित होत नाही, अडाणी राहते. आणि एक दिवस मित्र-मैत्रिणींच्या नादाने तेच मूल गुडघाभर पाण्यातून कंबरभर पाण्यात जाते. समुद्राची भीती जावी असे मला वाटत नाही. ती भीती तयारीच्या कामी यावी, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून गेल्या एका नाताळच्या सुट्टीत आम्ही चार घरांतली अकरा माणसे राजपुरीच्या खाडीत कयाक घेऊन गेलो. त्यात पाच बायका आणि चौदा ते सतरा वयाच्या तीन मुली होत्या. सोबत दोन प्रशिक्षक होते आणि मागे राजपुरीच्या एका तांडेलचाचांची इंजिनाची होडी. तयारी कशी केली आणि काय घडले ते सांगते, म्हणजे ज्यांना जायचे आहे त्यांना उपयोग होईल.

कयाक म्हणजे काय

कयाक ही अरुंद, लांबट होडी. दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे आलटून पालटून मारायचे. ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि तीतून शिकार करत. तिकडचे पाणी बर्फासारखे गार, म्हणून कयाकवाला कातड्याचा अंगरखा घाले. त्याला टोपी जोडलेली असे. चेहरा आणि मनगटे यांच्याभोवती तो घट्ट बसे आणि खालचा घेर कयाकच्या तोंडाला बांधलेला असे. चेहरा आणि हात सोडून सारे अंग झाकलेले! कयाक चालवायची तर अंग उघडे टाकावे लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

भाड्याने मिळणाऱ्या कयाक बहुधा वर बसायच्या असतात, तीन-चार मीटर लांबीच्या. त्यांना आरपार भोके असतात, वर आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. उलटली तरी पुन्हा चढता येते. नवशिक्यांना हीच बरी. दुसरा प्रकार आत पाय घालून बसायचा. खऱ्या समुद्री कयाक अशा असतात, पाच मीटरच्या आसपास लांब. पुढे-मागे हवाबंद कप्पे, आणि कमरेभोवती पाणी अडवणारे कापड. त्या वेगाने जातात, पण उलटल्यावर बाहेर कसे यायचे ते शिकल्याशिवाय त्यांत बसू नये. आम्ही वर बसायच्याच घेतल्या, बहुतेक दोघांच्या, म्हणजे पोहता न येणाऱ्यासोबत पोहणारा माणूस बसला.

कपड्यांचा प्रश्न

बायकांनी सगळ्यात आधी हेच विचारले. बुरखा, अबाया, ओढणी, घेरदार सलवार हे पाण्यात चालत नाही. कारण साधे आहे. कापड पाणी पिऊन जड होते, पायांना गुंडाळते, वल्ह्यात अडकते. पण उत्तरही सोपे आहे. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेट्टी या बाईंनी २००४ साली पोहण्यासाठी बनवलेला पूर्ण अंगभर पोशाख, बुर्किनी, आता आपल्याकडेही मिळतो. नसेल तर लांब बाह्यांचा, लवकर वाळणारा नायलॉनचा कुर्ता आणि तशीच घोट्यापर्यंतची पँट चालते. सुती कपडा नको, तो ओला राहतो आणि वाऱ्यात थंडी भरते. डोक्याला टाचणीशिवायचा, डोक्यातून घालायचा खेळाचा हिजाब. उन्हासाठी कयाकवाले पुरुषसुद्धा असेच अंगभर कपडे घालतात. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट हवेत, कारण खडकांवरचे कालवांचे कवच पाय कापते.

एक नियम मात्र पक्का : लाइफ जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वर. त्याच्यावर अबाया किंवा शाल घ्यायची नाही. जॅकेटचे बंद हाताशी दिसले पाहिजेत आणि दुसऱ्याला तुम्हाला जॅकेट धरून ओढता आले पाहिजे.

सामान

लाइफ जॅकेट अंगाला बसते का, हे तपासायची रीत अशी. सगळे बंद आवळा, मग दुसऱ्याला खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते तुमचे नव्हे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी.

पूर्ण गटाकडे मिळून एक जादा वल्हे, पंधराएक मीटरचा ओढायचा दोर, प्रथमोपचाराची पेटी, चाकू आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पिशवीत दोन चार्ज केलेले मोबाइल. त्यांत तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि ११२ हे क्रमांक आधीच भरून ठेवलेले. माणशी दोन लिटर पाणी, खजूर, चिक्की, उकडलेली अंडी. दम्याचा पंप असेल तर तो कयाकमध्येच बांधलेला, किनाऱ्यावरच्या बॅगेत नव्हे. आणि बाटलीपासून चष्म्यापर्यंत प्रत्येक वस्तूला दोरी. न बांधलेली वस्तू समुद्राची झाली असे समजा.

चांदाची तारीख

ही गोष्ट आपल्या घरांना सोपी जावी. भरती-ओहोटी चंद्राच्या हिशेबाने चालते आणि आपल्या भिंतीवर चांदाचे कॅलेंडर असतेच. ज्या तेरा, चौदा, पंधरा तारखांना आपल्याकडे अय्यामे बीजचे रोजे धरतात, ते पौर्णिमेचे दिवस. तेव्हा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबईच्या बाजूला उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. सात-आठ आणि एकवीस-बावीस तारखांच्या सुमारास भांग असते, तेव्हा फरक दीड मीटरच्या आसपास. जितका फरक जास्त, तितकी खाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ जास्त.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आपल्या चांदाच्या तारखेत एक किंवा दोन मिळवले की साधारण तिथी येते. पंधराच्या पुढे गेले तर पंधरा वजा करायचे. हा अंदाज झाला, नक्की वेळ छापील वेळापत्रकातूनच घ्यायची.

आम्ही चांदाची दहा तारीख धरली. तोंडी हिशेबाने भरती नऊच्या सुमारास येत होती, वेळापत्रकात साडेनऊच्या जवळ निघाली. म्हणजे फजर किनाऱ्यावर पढायची, साडेसातला चढत्या पाण्याबरोबर आगरदांड्याच्या दिशेने खाडीत आत जायचे, पाणी थांबले की वळायचे आणि उतरत्या पाण्याबरोबर परत. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला पाण्याचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन. म्हणून पाणी जोरात बाहेर ओढू लागायच्या आत, अकरापर्यंत, धक्क्यावर यायचे ठरले.

वाऱ्याचा हिशेब सातवीच्या पुस्तकातलाच. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दिवस तापला की समुद्राकडून खारा वारा. उतरते पाणी बाहेर आणि खारा वारा आत अशी समोरासमोर गाठ पडली की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. शांत दिसणारे पाणी अर्ध्या तासात बदलते.

कोण पुढे, कोण मागे

आदल्या संध्याकाळी सगळे एका दस्तरखानावर बसलो आणि तेव्हाच नियम ठरले. अमीर एकच, मोठा प्रशिक्षक. पाण्यावर त्याचाच शब्द, वयाचा किंवा नात्याचा मान किनाऱ्यावर. तो सर्वांत पुढे, दुसरा प्रशिक्षक सर्वांत मागे, दोघांच्या मध्येच बाकीच्यांनी राहायचे. वेग सर्वांत हळू कयाकचा. नवशिके तासाला तीन किलोमीटरच जातात असे धरून अंतर आखायचे. एक शिट्टी म्हणजे माझ्याकडे पाहा, तीन म्हणजे मदत.

मग एका कागदावर सगळ्यांची नावे, कयाकचे रंग, जायची वाट, परतायची वेळ लिहून तो कागद मागे राहणाऱ्या एका भाभींकडे दिला. त्यावर शेवटची ओळ अशी : साडेअकरापर्यंत आलो नाही तर या क्रमांकावर फोन करा. बंदर कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधीच कळवले होते. आदल्या दिवशी छातीभर पाण्यात प्रत्येकाने मुद्दाम कयाक उलटवली आणि पुन्हा चढून दाखवली. आधी पोट, मग बैठक, मग पाय. ज्याला हे जमत नाही त्याने दुसऱ्या दिवशी होडीत बसायचे, असे ठरले होते. एक काका होडीत बसले, आणि आनंदाने बसले.

त्या सकाळी

खाडीत शिरल्यावर पहिला तास कोणी फारसे बोलले नाही. दोन्ही बाजूंना तिवरे, मधूनच बगळा, वल्ह्यांचा आवाज. परत येताना एका मोठ्या होडीच्या लाटा आडव्या आल्या आणि मागची दोघांची कयाक उलटली. तीत एक मुलगी होती, जिच्या अम्मीने मला सांगितले होते, “आपा, तुमच्या भरवशावर पाठवतेय, पण माझा जीव इथेच अडकलेला असेल.” तीन शिट्ट्या वाजल्या. सगळे थांबलो, कयाक एकमेकींना लावून धरल्या. मागच्या प्रशिक्षकाने उलटी कयाक सरळ केली. मुलगी जॅकेटमुळे खांद्यापर्यंत पाण्याबाहेर तरंगत होती, वल्हे तिने सोडले नव्हते. पोट, बैठक, पाय. दोन-तीन मिनिटांत ती पुन्हा बसली आणि म्हणाली, “माझी बाटली बांधलेली होती, मिस.”

सव्वादहाला राजपुरी समोर आली, तसा किल्लाही. किल्ल्याला बाहेरून फेरी मारायची सगळ्यांची इच्छा होती, आणि वेळ होता. पण किल्ल्यापलीकडे पाण्यावर पांढरे ठिपके दिसू लागले होते. खारा वारा त्या दिवशी लवकर आला. आदल्या रात्रीचा नियम होता : पांढऱ्या लाटा दिसल्या तर किल्ला नाही. एक भाईजान म्हणाले, “समोर तर आहे, दहा मिनिटांचे काम.” मुलींचेही चेहरे उतरले. अमीरने फक्त मान हलवली आणि वल्हे धक्क्याकडे दाखवले. मागून तांडेलचाचा म्हणाले, “किल्ला कुठं पळून जातोय? इतकी वर्षं उभा आहे.” पावणेअकराला आम्ही सगळे धक्क्यावर होतो. भाभींनी कागदावर एकेका नावापुढे खूण केली. किल्ला आम्ही दुपारी, जोहरनंतर, इतर प्रवाशांबरोबर शिडाच्या होडीतून पाहिला. त्या वेळी खाडीच्या तोंडाशी होडी चांगलीच हेलकावत होती आणि सकाळी रुसलेल्या मुली काठ घट्ट धरून बसल्या होत्या.

तवक्कल करायचा तो उंट बांधून झाल्यावर, हे आपण लहानपणापासून ऐकतो. समुद्रावर तो दोर म्हणजे अंगाला बसणारे जॅकेट, चांदाची तारीख, किनाऱ्यावर ठेवलेला कागद आणि मागे फिरायचा आदल्या रात्री ठरलेला नियम. पावसाळ्यात हा विचारही करू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी चांगल्या. ज्यांच्याकडे प्रशिक्षक नाही, सोबतीची होडी नाही, त्यांनी कयाक भाड्याने घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळो. आणि ज्यांच्याकडे हे सगळे आहे, त्यांनी मुलींना किनाऱ्यावर सामान सांभाळायला बसवू नये. त्यांच्या हातात वल्हे द्यावे आणि उलटल्यावर पुन्हा कसे चढायचे ते आधी शिकवावे.