टाच

१२ जुलै २०२४, शुक्रवार
दिवसभर पाऊस. कराटेच्या क्लासला अकराच मुलं. हॉलची फरशी ओली, दोनदा पुसली तरी पाय सरकत होते. रात्री ओमनं ‘ट्रान्सफॉर्मर्स ॲनिमेटेड’ लावलं. २००७ साली सुरू झालेली मालिका, म्हणजे त्याच्या जन्माआधीची. त्यातला प्राउल मला फार आवडला. मोटारसायकलचा रोबोट. डेट्रॉइटमधल्या जुन्या कारखान्यात सगळे राहतात, आणि याच्या खोलीतलं झाड छतातून वर गेलेलं. तो ‘सर्किट-सू’ ही युद्धकला शिकलेला आहे.

ओम म्हणाला, “आत्या, रोबोटला प्रॅक्टिस कशाला? प्रोग्राम टाकला की झालं.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही.

१४ जुलै, रविवार
यंत्रांच्या या युद्धकलांची परंपरा जुनी निघाली. १९८९ मध्ये आलेला ट्रान्सफॉर्मर ब्लजन, वरचं कवच सामुराईच्या सांगाड्याचं. त्याची विद्या ‘मेटॅलिकाटो’. पुढच्या वर्षी आलेला बांझाय-ट्रॉन ‘क्रिस्टलोक्यूशन’चा जाणकार: समोरच्याच्या धातूतली कच्ची रेघ हेरायची आणि नेमका तिथेच घाव घालायचा. कल्पना जबरदस्त आहे. पण मन लागतं ते सर्किट-सूमध्ये. तिची वरची पायरी ‘प्रोसेसर ओव्हर मॅटर’, म्हणजे हात न लावता केवळ चित्ताच्या बळावर वस्तू हलवणं. प्राउलला नेमकं तेच जमत नाही. गुरू योकेट्रॉन गेले तेव्हा शिक्षण अर्धवटच राहिलं होतं.

१६ जुलै, मंगळवार
लॉकडाऊनचा भाग पाहिला. पैसे घेऊन रोबोट पकडून देणारा हा शिकारी. पकडलेल्यांचे सुटे भाग काढून स्वतःला जोडतो. ओमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. यंत्राला ताकद हवी तर सराव लागतच नाही, दुसऱ्याचा हात उपटून बसवला की काम झालं. प्राउलही या वाटेला लागतो, नवी साधनं अंगावर चढवतो आणि मग ती टाकून देतो. पुढे कळतं, लॉकडाऊनही योकेट्रॉनचाच शिष्य, आणि गुरूचा जीव घेणाराही तोच. ते ऐकून ओम उठून पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही.

१८ जुलै, गुरुवार
क्लासमध्ये ‘हेइआन शोदान’ घेतला. ठरलेल्या क्रमाच्या एकवीस हालचाली, सगळ्यात पहिला काता. एक मुलगी तो तोंडपाठ असल्यासारखा भराभर उरकते. आज तिला डोळे मिटून मोकुसोत, म्हणजे ध्यानात बसवलं, मग एकेक पाऊल मोजून टाकायला लावलं. सातव्या हालचालीला तिचा तोल गेला. भराभर करताना तो कधीच जात नव्हता. ती रडवेली झाली. मला मात्र वाटलं, ही आज शिकायला लागली.

२१ जुलै, रविवार
गुरुपौर्णिमा. मुलांनी झेंडूचा हार आणला होता, पाकळ्या हॉलभर. संध्याकाळी शेवटचा भाग पाहिला. शहरावर स्फोटाचं संकट. ते टाळायला ऑलस्पार्कचे, म्हणजे रोबोटांना जीव देणाऱ्या वस्तूचे, विखुरलेले तुकडे एकत्र करायला हवेत. प्राउल आणि जॅझ, दोघे गुरुबंधू, शेजारी उभे राहून ‘प्रोसेसर ओव्हर मॅटर’ची ती पायरी चढतात. तुकडे हवेतून येतात, जुळतात. तरी ते पुरे पडत नाहीत, आणि प्राउल आपल्या छातीतला स्पार्क देतो. मागे राहतं ते राखाडी पडलेलं शरीर. ज्यानं दुसऱ्याचा भाग अंगाला ठेवून घेतला नाही, त्यानं स्वतःचा प्राण काढून दिला. मी ओमच्या देखत रडले, आणि लपवलं नाही.

तो काही बोलला नाही. टीव्ही बंद केला, चटई गुंडाळून बाजूला सारली आणि हेइआन शोदान सुरू केला, अगदी हळू. मागच्या पायाची टाच अजून उचलली जाते. उद्या सकाळी बसून तेवढंच घ्यायचं.