एक बेट, चार किनारे

बालमित्रांनो, कृष्णा नदी समुद्राला मिळताना तुमच्यापैकी कुणी पाहिली आहे का? नाही ना? मीही नाही पाहिली. गंमत बघा, महाबळेश्वरला ती उगम पावते तिथून पश्चिमेचा समुद्र काही फार लांब नाही. पण आपली कृष्णामाई त्याच्याकडे चक्क पाठ फिरवते! माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा अशा मैत्रिणी गोळा करत ती सुमारे १४०० किलोमीटर चालते आणि आंध्रात हंसलदेवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच उपसागराच्या पार पलीकडल्या कडेला अंदमानची बेटं आहेत. आज मी तुम्हाला त्यातल्याच एका चिमुकल्या बेटावर नेणार आहे.

त्याचं नाव शहीद द्वीप. २०१८ सालापर्यंत त्याला नील बेट म्हणत. चेन्नईहून विमानानं श्री विजयपुरमला जायचं (म्हणजे २०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर), तिथलं सेल्युलर जेल पाहायचं आणि मग बोटीत बसायचं. जेलविषयी पुन्हा कधीतरी लिहीन, ते दोन ओळींत उरकण्यासारखं नाही. बेटावर जायला पूल नाही, रेल्वे नाही. उतरलं की समोर नारळी-पोफळी आणि भाजीचे मळे. देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी मिळाल्या. त्यांनी पिकवलेली भाजी आजही बोटीनं दुसऱ्या बेटांवर जाते. गावांची नावं तर ऐका : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! भाड्याची सायकल घेतली की दिवसभरात सगळी गावं पालथी घालता येतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी, आमचे हे आणि सहावीतली पुतणी असे तिघं गेलो होतो. एवढंसं बेट, चार-पाच किनारे. मी शाळेच्या वेळापत्रकासारखा कागदच केला : सूर्योदय सीतापूर, मग लक्ष्मणपूरचा दगडी पूल, मग भरतपूर, सूर्यास्त पुन्हा लक्ष्मणपूर. आमच्या लॉजवाल्या काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "पूल देखना है तो पाँच बजे जाओ. पाँच बजे पानी उतरा रहता है." मी मनात म्हटलं, पूल काय पळून जातोय?

पहाटे सीतापूरला गेलो. सव्वापाचलाच सूर्य वर आला! किनारा पूर्वेकडे उघडा, लाटा दणादण आपटत होत्या. तिथं पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बसून बघायचं, असं आम्ही ठरवलं. मग चहा घेतला, गरम पुऱ्या खाल्ल्या, निवांत सायकली मारल्या आणि साडेसातला पुलापाशी पोहोचलो.

हा पूल माणसानं बांधलेला नाही, बरं का! लाटांनी खडक पोखरून पोखरून कमान केली आहे. बंगाली लोक तिला कौतुकानं हावडा ब्रिज म्हणतात. वाट ओबडधोबड, मेलेल्या प्रवाळांची, सुरीसारखी धारदार. अनवाणी गेलात तर पाय कापलाच म्हणून समजा. खडकांतल्या डबक्यांत निळे-पिवळे मासे, समुद्रकाकड्या, काळेभोर काटेरी गोळे. पुतणी एकेका डबक्यापाशी फतकल मारून बसली आणि मीही तिच्याबरोबर रमले.

मग सहज मागं वळून पाहिलं. ज्या खडकांवरून आलो होतो ते दिसेनात!

मी कृष्णाकाठची. आमच्याकडे पाणी चढतं ते पावसानं. कोयनेतून पाणी सोडलं की आम्ही विचारतो, आयर्विन पुलापाशी किती फूट? २०१९ च्या पुरात ते ५७ फुटांच्या वर गेलेलं आम्ही पाहिलंय. पण इथं आभाळ निरभ्र, पावसाचा थेंब नाही आणि पाणी मुकाट्यानं चढतंय! पूर गर्जना करत येतो, भरती मांजरीच्या पावलांनी येते. एक कोळी लांबून हात करून ओरडत होता, "दीदी, निकलो, निकलो!" आम्ही तिघांनी हात घट्ट धरले. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, पुतणीच्या तर मांड्यांना. खालचा खडक दिसत नाही, लाट आली की तोल जातो. तिची चप्पल गेली, तळव्याला लांब चीर पडली. वाळूवर आल्यावर माझे पाय लटपटत होते. चूक कुणाची, हे तुम्हाला कळलंच असेल.

संध्याकाळी काकांनी वहीत हिशेब मांडून दिला. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधे सहा तासांहून थोडं जास्त. रोजची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा चढ-उतार सगळ्यांत मोठा. दिवाळी म्हणजे अमावस्या! एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुमची सहल कुंभार्ली घाटानं गुहागरला जावो की आंबा घाटानं गणपतीपुळ्याला, भरतीची वेळ आधी तिथल्या माणसाला विचारा. नदीत पट्टीचे पोहणारे असाल तरी विचारा. आणि ओढीत सापडलातच, तर पुराच्या पाण्यात करतात तेच करा : धारेच्या विरुद्ध झुंजू नका, आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत धारेबाहेर पडा. अंदमानात आणखी एक गोष्ट, काही खाड्यांत आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. तशी पाटी दिसली की मुकाट्यानं मागं फिरायचं.

भरतपूरला मात्र आम्ही कागद बाजूला ठेवून गेलो, दुसऱ्या दिवशी, भरतीच्या वेळी. ओहोटीला तिथं प्रवाळच उघडे पडतात. भरतीला त्यांच्यावर छातीभर हिरवंनिळं, शांत पाणी. पुतणीच्या पायाला पट्टी, म्हणून ती काचेच्या तळाच्या होडीत बसली. तिनं पोपटमासे पाहिले. हे मासे प्रवाळ कुरतडतात, त्यावरचं शेवाळ पचवतात आणि उरलेला चुरा शी करून टाकतात. इथल्या पांढऱ्याशुभ्र वाळूत त्याचा मोठा वाटा आहे! हे ऐकल्यावर तिनं अंगाला चिकटलेली वाळू अशी काही झटकली म्हणता!

शेवटची संध्याकाळ लक्ष्मणपूरला, लांबच लांब पांढऱ्या वाळूवर. पुतणीनं शंख वेचून ओढणीत बांधले होते. मी तिला सांगत होते, प्रवाळ आणि असे शंख इथून न्यायला बंदी आहे, विमानतळावर तपासतात. ती फुरंगटून बसली. तेवढ्यात ओढणीच हलायला लागली. गाठ सोडली तर एका शंखातून बारीक पाय बाहेर आले आणि शंख चालायला लागला! आत खेकडा होता. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात घर करतो आणि मोठा झाला की मोठं घर शोधतो. "काकू, मग हे रिकामे पण कुणाचं तरी पुढचं घर असणार ना?" असं म्हणत तिनं सगळे शंख एकेक करून वाळूवर मांडले.

पाचच्या आतच सूर्य बुडाला. तिनं घरी आजीला फोन लावला. आजी म्हणाली, "अगं, इथं अजून ऊन आहे, मी अंगणात शेंगा फोडतेय." पुतणीला खरं वाटेना. तुम्हीच आता गणित करा. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. सांगली साधारण ७४.५ अंश पूर्व, शहीद द्वीप ९३. आजीचा सूर्य किती मिनिटं मागं होता?