पिशव्या कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, घरची मंडळी गड चढायला निघाली की पायथ्याच्या झाडाखाली डबे, स्वेटर आणि पिशव्या सांभाळत कोण बसतं? आमच्या घरात ते काम ठरलेलं, माझंच! लोहगडाच्या पायऱ्या लग्नानंतर मी चारदा पाहिल्या, त्याही खालूनच.

म्हणून मागच्या मार्गशीर्षात आम्ही चिंचवडच्या पाचजणींनी कळसूबाईला जायचं ठरवलं, तेव्हा घरात दोन प्रश्न आले. "मुलांच्या जेवणाचं काय?" आणि "तुला झेपेल का?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं नव्हतं. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट!

महिनाभर आम्ही पहाटे निगडीच्या दुर्गा टेकडीवर चाललो. एका रविवारी घोरावडेश्वरच्या पायऱ्याही चढून आलो. काळजी होती ती वरच्या मजल्यावरच्या काकूंची. पन्नाशी उलटलेली, त्यात गुडघे कुरकुरणारे.

शनिवारी रात्री जीप निघाली. चाकणला तिसऱ्या पाळीच्या बसगाड्या कामगारांना घेऊन चालल्या होत्या. मनात आलं, घरातला पुरुष वर्षानुवर्षं असा रात्रीचा डबा घेऊन बाहेर पडतो, तेव्हा घर चालतंच ना? मोटारींच्या कारखान्यांवरून जाताना जुन्को ताबेईंची आठवण झाली. एव्हरेस्ट चढणारी जगातली पहिली महिला, १९७५ साली. घरी तीन वर्षांची लेक होती. पैशांची ओढाताण, म्हणून त्यांच्या महिला पथकाने मोटारीच्या सीटच्या आच्छादनांपासून हातमोजे शिवले होते. म्हणजे शिवणकाम तिथेही सुटलं नाही बघा!

मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे पायथ्याच्या बारी गावात पोहोचलो. उजाडताच चढायला लागलो. वाटेत गावातल्या एका आजींनी देवीची गोष्ट सांगितली. काळसू ही रानात भटकायची आवड असलेली मुलगी. पाटलाकडे कामाला राहिली, पण केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही अट घालूनच. एक दिवस पाहुणे आले आणि पाटलाने तिला सगळी कामं करायला लावली. तिने केली, आणि चिडून जी डोंगरावर निघून गेली ती तिथेच राहिली. तीच ही कळसूबाई. आम्ही पाचहीजणी एकमेकींकडे बघून हसलो, पण मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

चढ छातीवर येणारा आहे. जिथे कडा सरळ उभा राहतो तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पहिली चढले. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर सहज खाली पाहिलं आणि पाय थरथरायला लागले. कशीबशी उतरले. काकूंची काळजी करणारी मी, आणि बसकण मारली ती मीच! तोंडातून निघून गेलं, "तुम्ही जा वर. मी पिशव्या सांभाळते."

शेजारी लिंबू सरबत विकणारी बाई बसली होती. ती खो-खो हसली. "हितं पिशव्या कोन नेतंय बाई? नेली तर माकडंच नेतील! पाठीला बांध आन् चढ. खाली नको बघू, हातापुढच्या गजाकडं बघ."

काकू म्हणाल्या, "मी तुझ्या मागे आहे." शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेते, तशी मी एकेक पायरी मोठ्याने मोजत गेले. शिडी संपली तरी तोंडातले आकडे थांबेनात!

वर देवीचं छोटंसं देऊळ. आम्ही हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे. काकू हात जोडून म्हणाल्या, "बाई, तुझं बरं आहे. अट आधीच घालून ठेवलीस!"

तुम्हीही जायचं ठरवलंत, तर एवढं करा. पहिल्यांदा हिवाळ्यातच जा; पावसात शिड्या निसरड्या होतात. खाचदार तळव्यांचे जुने, सवयीचे बूट आणि सलवार-कुर्ता बरा. प्रत्येकीजवळ दोन-तीन लिटर पाणी, दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे हवेत. लिंबू-साखर-मीठ वेगळं ठेवा. जी सर्वांत सावकाश चालते तिला पुढे ठेवा. उतरताना गुडघ्यांना काठीचा आधार फार. आणि सगळा कचरा परत आणा.

रविवारी रात्री घरी आले, तर मोरीत भांड्यांचा ढीग. पूर्वीची मी लगेच पदर खोचला असता. मी अंघोळ केली आणि झोपले. सकाळी निम्मी भांडी मी घासली, निम्मी ह्यांनी. एका डोंगराच्या मानाने हेही पुष्कळ झालं!

आता सुट्टीत सगळे लोहगडाला जाणार आहोत. मी आधीच सांगून ठेवलंय, ज्याची पिशवी त्याच्या पाठीला.