हॅलिफॅक्सहून मोहगावला फोन

गेल्या जुलैत चार दिवसांची सुट्टी काढून आम्ही हॅलिफॅक्सला गेलो. समुद्र, दीपगृह, मासे असा साधा बेत. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला म्हणून बंदरावरच्या सागरी संग्रहालयात शिरलो आणि अर्धा दिवस तिथेच गेला.

६ डिसेंबर १९१७. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि हे बंदर युरोपला जाणाऱ्या जहाजांनी गजबजलेलं होतं. त्या सकाळी दारूगोळ्याने भरलेलं 'माँ ब्लाँ' हे फ्रेंच जहाज आणि 'इमो' हे नॉर्वेजियन जहाज अरुंद खाडीत एकमेकांवर आदळले. आग लागली. ती बघायला लोक खिडक्यांपाशी जमले, आणि वीसेक मिनिटांत 'माँ ब्लाँ' फुटलं. शहराचा उत्तर भाग सपाट झाला. नांगराचा एक तुकडा जवळजवळ चार किलोमीटरवर जाऊन पडला. गेलेल्यांची स्मरणवही केली आहे, तिच्यात १७८२ नावं आहेत.

"तुमच्या मोठेबाबांचंही असंच झालं ना?" बायकोने विचारलं.

आमचं मूळ गाव मोहगाव, सौंसरजवळचं, अर्धनारीश्वराच्या देवळाचं. आता जिल्हा पांढुर्णा, माझ्या लहानपणी छिंदवाडा. आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सौंसरहून छोट्या गाडीने नागपूरला आणि तिथून मुंबईला गेले, गोदीत हमाली करायला. १९४४ च्या उन्हाळ्यापासून त्यांची मनीऑर्डर यायची थांबली. घरात एवढंच सांगतात.

त्या वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. हे मला ठाऊक होतं. ते जहाज कॅनडातच, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स रुपर्टला १९४२ साली बांधलेलं होतं, हे मात्र त्या दिवशी कॉफी पिताना मोबाइलवर वाचलं. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात! आमच्याकडच्या कुठल्याही कास्तकाराला विचारा, गाठीत धुमसणारी आग बाहेरून लवकर दिसत नाही. दुपारी धूर दिसला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. थेट शिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात. एकूण मृतांचा आकडा कुणी ८०० देतं, कुणी १३००. सोन्याच्या विटा तर पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना सापडत राहिल्या. युद्धाच्या सेन्सॉरमुळे बातमी बाहेर यायलाच मे उजाडला. मोहगावला ती कधी पोचली असेल?

रात्री नऊला बाबांना फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, ते चहा घेत होते.

"बाबा, मोठेबाबांचं नाव काय होतं?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "आमचे बाबूजी दादाच म्हणत. आई तं थोरल्या दिराचं नाव तोंडानं घेतच नव्हती. आम्हाले मुंबईवाले मोठेबाबा एवढंच माहीत. थांब, विचारतो कोणाले."

माझं रोजचं काम डेटाबेसचं. हातात नाव नसेल तर नोंद शोधायची कशी, हे मी दिवसातून दहादा लोकांना विचारतो.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. फोर्ट नीडहॅमच्या टेकडीवर त्या स्फोटाच्या स्मरणार्थ घंटा टांगलेला मनोरा आहे, तिथे गेलो. खाली ती खाडी दिसते, अगदीच अरुंद. परत गाडीत बसलो तेव्हा बाबांचा निरोप आला होता. आत्याला एवढंच आठवतं की नाव 'ना'वरून होतं. नारायण, नामदेव, नाना, काहीही असेल. मोहगावच्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर मिळतं का, ते बघणार आहेत. पोळ्याला सगळे गावी जमतातच, त्याच्या दोन दिवस आधी शाळेत जाऊ, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ: "तू येशील का?"

मी रजेचा अर्ज टाकला आहे.