शेवटचे दोनशे फूट

परवा शनिवारी आईकडे गेलो होतो, बुधवार पेठेत. तापकीर गल्लीतून बाईक काढताना दरवेळी जे आठवतं तेच आठवलं. काही वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स दहा मिनिटांत आली, पण आमच्या बोळाच्या तोंडाशीच अडकली. आत लावलेल्या गाड्या! शेवटी शेजारच्या दोघांनी बाबांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. बाबा वाचले. पण तेव्हापासून 'गाडी पोचली' हे वाक्य मला अर्धवट वाटतं.

सध्या माझ्या डोक्यात एक नवं खूळ आहे: विमानतळावरचे बंब. १ जुलै २०१९ ला भर पावसात जयपूरहून आलेलं बोईंग ७३७ मुंबईची मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे जाऊन रुतलं. सगळे सुखरूप, पण विमान हलवायला काही दिवस लागले. आता सांगा, आग लागली असती तर त्या चिखलात बंब कसा गेला असता?

आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला बंब तीन मिनिटांत पोचलाच पाहिजे, शक्यतो दोन. पण हे हवा स्वच्छ आणि जमीन चांगली असताना. आणि विमान घसरतं कधी? पावसात!

त्यात दहा हजार लिटर पाणी म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. तरी मोठ्या बंबाने ४० सेकंदांत ताशी ८० किलोमीटरचा वेग गाठायचा, आणि मग चिखलातही उतरायचं. म्हणून इंजिनाची ताकद सगळ्या चाकांना. मागे ट्रकसारखी जोडचाकं नाहीत, एकेकच रुंद टायर. तो पुढच्या चाकाच्याच चाकोरीतून जातो, जोडचाकाला नवा चिखल कापावा लागतो. हवा कमी केली की टायर पसरतो, रुतत नाही. आमचे मामा काळ्या रानात जीप घालताना हेच करायचे. पण कमी हवेचा टायर वेगात तापतो. म्हणजे एकीकडे कमावलं की दुसरीकडे गमवायचं. पाणी हिंदकळून गाडी कलंडू नये म्हणून टाकीत आडपडदेही असतात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र टेस्टिंग डांबरी रस्त्यावरच करतो, आणि रिलीज पावसात :-)

असो. निघताना आईने खिडकीतून हाक मारली, "अरे, बोळाच्या तोंडाशी कुणी बाईक लावलीय बघ, हातगाडी अडकलीय."

माझीच होती.